हिरव्या टायचे तीन धनी

१

बॅरिस्टर राजाध्यक्षांचा मरून टाय चोरीला गेला, हे मला शनिवारी संध्याकाळी पाच वाजता कळलं. चोराने त्याच्या जागी जो हिरवा टाय लटकवून ठेवला होता तो माझ्याच हातून विकला गेलेला आहे, हे पाच वाजून दहा मिनिटांनी कळलं. मधली दहा मिनिटं मी फार सुखात होतो.

मी मार्तंड कीर्तिकर. फोर्टातल्या एका बड्या दुकानात टायच्या काउंटरवर गेली पंधरा वर्षं उभा आहे. हल्ली माझं नाव झालंय ते मात्र वेगळ्याच कारणाने. पिक्चर बघून आलेली तरुण मंडळी काउंटरवर येतात आणि म्हणतात, "त्या अमक्या पिक्चरमध्ये हिरो दुसऱ्या गाण्यात घालतो ना, तस्साच टाय पाहिजे." बाकीचे सेल्समन हसतात. मी हसत नाही. मी ते पिक्चर बघतो, गरज पडली तर तीनदा बघतो. मासिकातला फोटो भिंगाखाली धरून पट्टे मोजतो आणि मग मुंबईभर हिंडून तसाच टाय पैदा करतो. नाहीच मिळाला तर तशा कापडाचा तुकडा शोधून साकीनाक्याच्या लवू शिंप्याकडून शिवून घेतो. माझी बायको उत्तरा म्हणते, एवढे कष्ट मॅट्रिकला घेतले असते तर आज काउंटरच्या अलीकडे उभे असता.

बॅरिस्टरसाहेब आमचं जुनं गिऱ्हाईक. चार वर्षं कोर्टात काळा कोट घातला, मग मन रमेना म्हणून अंधेरीला स्टुडिओ काढला. त्यांचं नवं पिक्चर दीड वर्षं रखडत चाललं होतं. त्यात हिरो बॅरिस्टर आहे, म्हणून साहेबांनी हौसेने आपला स्वतःचा टाय त्याला घालायला दिला होता. विलायतेत परीक्षा पास झाले त्या दिवशी घेतलेला. मरून रेशीम, त्यावर तिरके साय रंगाचे पट्टे.

शनिवारी दुकान अर्धा दिवस असतं. दुपारचं पिक्चर बघून पाचला घरी पोचतो तर साहेबांचा निरोप: माझा टाय चोरीला गेलाय, ताबडतोब या, एक टाय ओळखायचा आहे. स्टुडिओ आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. मी मोठ्या ऐटीत गेलो.

कपडेपटाच्या खोलीत साहेब लालबुंद होऊन उभे होते. शेजारी प्रॉडक्शन मॅनेजर श्यामसुंदर, हाताची घडी घालून. आणि कोपऱ्यात काशीराम परब.

काशीराम म्हणजे कपडेपटाचा मालकच म्हणायचा. पन्नाशीचा, किडकिडीत, मूळचा मालवणकडचा. आधी गिरणीत होता. बारा वर्षं त्या खोलीची किल्ली त्याच्या करगोट्याला बांधलेली, दुसरी किल्लीच नाही. हिरोचा बूट असो की राणीचा शालू, त्याच्या हातून आजवर एक बटण हरवलं नव्हतं.

"बघा," साहेब म्हणाले आणि खुंटीवरचा टाय माझ्या हातात आपटला. "उद्याच्या पाहुण्यांना दाखवावा म्हणून मी स्वतः घ्यायला आलो. म्हटलं, काशीराम, माझा टाय दे. तर याने हा दिला."

टाय हिरवा होता. गडद हिरवा, त्यावर तिरके साय रंगाचे पट्टे.

"आणि म्हणतो काय," श्यामसुंदरने सूर लावला, "म्हणे हाच तो टाय! कमाल आहे ना?"

मी टाय उलटा केला. टोकाला आत लवू शिंप्याचे तीन आडवे टाके होते. पट्ट्यांची रुंदी मी स्वतः भिंगाखाली मोजून जुळवली होती. टाय माझ्याच काउंटरवरचा.

२

झालं होतं ते असं. चार महिन्यांपूर्वी एका सिने-मासिकात या पिक्चरचा फोटो छापून आला होता आणि तीन जणांनी माझ्याकडे हिरोच्या टायसारखा टाय मागितला. फोटो अर्थातच काळापांढरा. मला पट्टे दिसले, पट्ट्यांमधलं अंतर दिसलं, रंग कुठून दिसणार? नेमका त्याच पट्ट्यांचा विलायती रेशमाचा एक उरलेला तुकडा मिळाला, तो हिरवा निघाला. मी छाती ठोकून सांगितलं की हिरोचा टाय हिरवाच आहे. लवूने त्यातून तीन टाय शिवले. चौथ्याला कापडच उरलं नाही.

साहेबांना मी हे सगळं सांगून टाकलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तिघं कोण?"

"एक हे श्यामसुंदर," मी म्हणालो. श्यामसुंदरची घडी सुटली. "दुसरा मुलुंडचा अनंत दिघे, बँकेत आहे. तिसरा तुमच्या हिरोचा डमी, नंदकुमार."

हिरो यायच्या आधी तासभर दिवे लावण्याचं काम चालतं. तेवढा वेळ त्याच्या उंचीचा एक माणूस त्याचेच कपडे घालून त्याच्या जागी उभा राहतो. तो हा नंदकुमार. रंग चुकलाय हे स्टुडिओतल्या या दोघांना घेतानाच दिसलं असणार, पण पट्टे हुबेहूब म्हणून दोघंही बोलले नव्हते.

"मार्तंडराव, मला त्या तिघांशी देणंघेणं नाही," साहेब म्हणाले. "खोलीला कुलूप, किल्ली एकाकडे. शेवटचं शूटिंग झालं परवाच्या नाही, त्याच्या आदल्या गुरुवारी. तेव्हा हिरोच्या गळ्यात माझा टाय होता, मी डोळ्यांनी पाहिलाय. नंतर खोली कोणी उघडली नाही. सोमवारी सकाळी दहा वाजता मी पोलिसांना बोलावणार."

"माझा पुतण्या मोकळाच आहे, साहेब," श्यामसुंदर हळूच म्हणाला. "कपडेपटाचं काम त्याला जमेल."

मी काशीरामकडे पाहिलं. "काशीराम, तुम्ही काहीतरी बोला ना."

"माझा काय बोलणा नाय," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"पहिल्यांदा तर मोठ्या तोंडाने सांगत होतास हाच टाय म्हणून!" साहेब कडाडले. "मी हिरवा आहे, हिरवा आहे म्हणून ओरडलो, तेव्हा कुठे याची वाचा बसली!"

हे मला विचित्र वाटलं. चोराने काय म्हणायला हवं? कोणी बदलला कोण जाणे, साहेब, मला ठाऊक नाही. तोंडावर हिरवा टाय धरून हा मरूनच आहे असं सांगणारा चोर मी तरी ऐकला नव्हता. एवढं भिकार खोटं बोलायला माणूस एक तर फार बेरड असावा लागतो, नाहीतर अगदी प्रामाणिक.

निघता निघता मी खुंट्यांवरून नजर फिरवली. प्रत्येक कपड्याला पांढरी चिठ्ठी टाचलेली, तिच्यावर नंबर. एका मरून पोलक्याची बाही उसवली होती ती सुबक टाके घालून शिवली होती, पण दोरा हिरवागार. पिक्चरमध्ये कोणाला दिसतोय, असं म्हणून मी पुढे गेलो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

दाराशी काशीरामने माझा हात धरला. "मार्तंडराव, काय होऊंदे ता होऊंदे. पण पोलीस चाळीत येवूचे नायत, एवढा बघा. मालन ह्या सोसूची नाय."

मालन त्याची बायको. मी त्याला शब्द देऊन बसलो. कशाच्या जोरावर दिला, हे माझं मलाच माहीत नव्हतं.

३

हिशेब सोपा होता. टाय तीनच होते. ज्याच्याकडे आता टाय नाही, त्याचा टाय त्या खुंटीवर. रविवारी सकाळी मी बाहेर पडलो.

श्यामसुंदर स्टेशनजवळच राहतो. मला पाहून तो फणकारला, आत गेला आणि कपाटातून हिरवा टाय आणून माझ्या अंगावर भिरकावला. "घ्या, बघा! एकदाही घातला नाही. बायको म्हणाली, गळ्यात पडवळ बांधल्यासारखं दिसतं."

मी टाके बघितले. लवूचेच. श्यामसुंदर सुटला, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं. त्याच्या पुतण्याला मी मनातल्या मनात केव्हाच बेड्या घातल्या होत्या.

मुलुंडला अनंत दिघे घरी नव्हता. त्याच्या बायकोने, नीलाने, पाणी दिलं आणि टाय म्हटल्यावर पदराने तोंड दाबून हसायला लागली. "तो होय? या, दाखवते." माळ्यावर गादीची वळकटी होती आणि माझा टाय तिला करकचून बांधलेला. "ऑफिसात साहेब म्हणाले, दिघे, हे काय हिरवं? तेव्हापासून इथेच आहे. रेशीम मजबूत हो पण."

एवढ्या कष्टाने जमवलेल्या टायची ती दशा बघून माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. पण दुसराही धनी सुटला. उरला नंदकुमार. मी मनात म्हटलं, सापडला.

घाटकोपरला नंदकुमारही घरी नव्हता. त्याची धाकटी बहीण शुभा होती, सोळा-सतरा वर्षांची, बोलकी. "दादा नाहूरला गेलाय, काका. सासुरवाडीला. म्हणजे होणाऱ्या हां! गेल्याच रविवारी साखरपुडा झाला ना."

"त्याने माझ्याकडून एक टाय घेतला होता," मी म्हणालो. "पट्ट्यापट्ट्यांचा. तो आहे का घरात?"

"तो ना? अहो, तोच तर घातला होता साखरपुड्याला! आजही तोच घालून गेलाय. थांबा, फोटो आलेत कालच."

तिने फोटो आणला. नंदकुमार कोट घालून ताठ बसलेला, शेजारी लाजणारी मुलगी. मी खिशातून भिंग काढलं आणि टायवर धरलं. तिरके पट्टे, अंतर बरोबर, रुंदी बरोबर.

"वहिनीचा शालू डाळिंबी होता," शुभा सांगत होती, "आणि दादाचा टायही त्याला जुळणारा. सगळे म्हणत होते, जोडा कसा शोभून दिसतो. वहिनीचा भाऊ तर म्हणाला, हा टाय भावजींनी हिरोला वापरायला दिलाय, मी शूटिंगला बघितलाय त्यांच्या गळ्यात."

मी हूं हूं करत होतो. माझं सगळं लक्ष भिंगात. शूटिंग झालं गुरुवारी, साखरपुडा त्यानंतरच्या रविवारी. खुंटीवरचा टाय नंदकुमारचा असता, तर साखरपुड्याला त्याच्या गळ्यात हा कुठून आला असता?

तिन्ही धनी सुटले होते. तिघांचे टाय तिघांकडे, आणि खुंटीवर चौथा, जो लवूने कधी शिवलाच नव्हता. परतीच्या बसमध्ये मला पहिल्यांदाच वाटलं की काशीराम खरंच चोर असला तर? त्यानेच लवूला गाठून कुठूनतरी चौथा शिवून घेतला असेल तर? मी त्याला दिलेला शब्द आठवला आणि फार खिन्न झालो.

४

उत्तराने चहा दिला आणि सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं. ती शाळेत मुलींना शिवण शिकवते, त्यामुळे कापडाच्या गोष्टीत तिला माझ्याइतकंच कळतं. माझ्याहून जास्त कळतं असं ती म्हणते.

"डाळिंबी शालू म्हणाली ती मुलगी?"

"हो."

"आणि टाय त्याला जुळणारा?"

"हो गं, पण मुद्दा तो नाही. मुद्दा पट्ट्यांचा आहे. मी भिंगाखाली..."

"अहो, भिंग ठेवा तिकडे. डाळिंबी शालूशेजारी हिरवाकंच टाय, आणि नाहूरच्या सगळ्या बायका म्हणाल्या की जुळतो? त्या आंधळ्या होत्या का? फोटोत टायचा रंग कोणता होता?"

"फोटोत रंग कुठून दिसणार?" मी म्हणालो, आणि कप हातातच राहिला.

चार महिन्यांपूर्वी काळापांढरा फोटो बघून मी मरून टायला हिरवा ठरवलं. आज काळापांढरा फोटो बघून मरून टायला पुन्हा हिरवाच ठरवून आलो. तीच चूक, तेच भिंग. उत्तराच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी पुढचे चार दिवस सहन केलं.

म्हणजे साखरपुड्याला नंदकुमारच्या गळ्यात साहेबांचा मरून टाय होता. भावी मेव्हणा शूटिंग बघायला आला असताना पठ्ठ्याने थाप मारली असणार की हा टाय माझाच, हिरोला मी वापरायला दिलाय. मग साखरपुड्याला तोच घालणं भाग पडलं. डमी म्हणून टाय आधी त्याच्याच अंगावर चढतो आणि संध्याकाळी हिरोचे कपडे कपडेपटात परत करायलाही तोच जातो. त्याने मरून ठेवून घेतला आणि स्वतःचा हिरवा परत केला.

"पण मग काशीरामने तो घेतलाच कसा?" उत्तरा म्हणाली. "लख्ख दिव्यात, हातात घेऊन, बघून?"

तेच मला कळेना. बारा वर्षांत एक बटण न हरवणारा माणूस. त्याने हिरवा टाय घेतला, त्याला मरूनची चिठ्ठी टाचली, खुंटीला लावला, आणि नऊ दिवसांनी मालकाच्या हातात देऊन म्हणाला, हाच तो.

उत्तरा शिवणाचा डबा आवरत होती. तिने हिरव्या दोऱ्याचं रीळ उचललं, आणि मला ते पोलकं आठवलं. मरून पोलकं, हिरवे टाके. चिठ्ठ्यांवर नुसते नंबर. हिरवा शब्द ऐकताच बसलेली वाचा. मी तिच्या हातून ते रीळ घेतलं, डब्यातून गडद लाल रीळ घेतलं, आणि तसाच निघालो.

काशीरामची खोली साकीनाक्याच्या रस्त्यावरच्या चाळीत. ऊन अजून उतरलं नव्हतं. मालनबाई दारात तांदूळ निवडत होत्या, मला बघून घाबरून उठल्या. काशीराम आत भिंतीला टेकून बसला होता. एका दिवसात दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

मी दोन्ही रिळं त्याच्यासमोर ठेवली. "काशीराम, यातलं लाल मला द्या."

तो रिळांकडे बघत राहिला. एक उचललं, खाली ठेवलं, दुसरं उचललं. मग बायकोकडे पाहिलं. तिने डोळे पुसले.

"मार्तंडराव," तो म्हणाला, "ह्या तुम्ही माका विचारूक नको होतात."

मग त्याने सगळं सांगितलं. त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नाहीत. लहानपणी कळलंही नाही. गिरणीत साड्यांच्या मागावर लागला, लाल काठाच्या साडीला अर्धा काठ हिरवा विणला गेला, आणि सगळ्या खात्यासमोर अपमान करून काढून टाकलं. पुढे स्टुडिओत कपडेपटाचं काम निघालं. पिक्चर काळंपांढरं, रंग विचारतो कोण? मालनबाईंनी सुचवलं, कपड्यांना नंबर घाल. बारा वर्षं नंबरांवर निभावलं.

"नंदकुमारने परत दिला ना तो टाय?"

"त्याणाच. पण त्याचा नाव घेतलंय तर साहेब विचारतले, तू घेतलंस कसो? मगे काय सांगू?" त्याने माझे दोन्ही हात धरले. "चोर म्हणतले तर जेल होयत. पण ह्या कळला तर पोट जायत, आणि पन्नासाव्या वर्सी माका कोण ठेवतलो? कोणाक सांगू नका."

आता मोठी पंचाईत. त्याला सोडवायचं तर त्याचं गुपित फोडायला हवं, आणि गुपित राखायचं तर तो चोर ठरतो.

"सांगणार नाही," मी म्हणालो. "म्हणू, त्या दिवशी खोलीतला बल्ब गेला होता."

५

सोमवारी सकाळी साडेनऊला कपडेपटात सगळे जमले. साहेब, श्यामसुंदर, काशीराम, सोबत कॅमेरामन माणिकराव. माणिकराव म्हणजे तिरसट म्हातारा, सेटवर हिरोसुद्धा त्याला टरकतो. नंदकुमारला मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं होतं.

"नंदकुमार," मी म्हणालो, "साखरपुड्याचं अभिनंदन. फोटो पाहिला, छान आहे. फक्त रंग तेवढा कळला नाही. टाय कोणत्या रंगाचा होता?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने पुडकं साहेबांसमोर ठेवलं. आत मरून टाय, व्यवस्थित घडी घातलेला.

"साहेब, मी आज परतच ठेवणार होतो," तो रडकुंडीला आला. "एका रविवारपुरता हवा होता, पण काल नाहूरला पुन्हा तोच घालावा लागला. पुढच्या शूटिंगला गुपचूप बदलला असता. तुम्ही मध्येच मागाल असं वाटलं नव्हतं. आणि साहेब, मी काशीरामकाकांना फसवलं नाही. उघडउघड हिरवा टाय त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, आता शिव्या पडणार, मग सांगू साखरपुड्याचं. त्यांनी हातात घेऊन पाहिला, चिठ्ठी लावली, आणि 'जा आता' म्हणाले. मला वाटलं, त्यांनी ओळखलंय आणि माझ्यासाठी डोळेझाक केलीय. शनिवारी त्यांच्यावर आळ आला तेव्हा मी घाबरलो. ते माझं नाव घेतील म्हणून वाट बघत होतो. त्यांनी घेतलंच नाही."

मग साहेब काशीरामकडे वळले. त्यांचा आवाज बदलला होता, पण प्रश्न आला तो आलाच. "पण काशीराम, तू तो घेतलास कसा?"

"साहेब, त्याचं असं झालं," मी पुढे सरसावलो, "त्या दिवशी या खोलीतला बल्ब..."

"मार्तंडराव, र्‍हवांदे," काशीराम म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. "साहेब, माका तांबडो नि हिरवो एकच दिसता. जल्मापासून. ह्याच्यापायी गिरणीतला काम गेला. हयसर सिनेमा काळोपांढरो, म्हणान लपान ऱ्हवलंय. चोरी मी करूक नाय. पण बारा वर्सां तुमका फसवलंय. आता तुम्ही काय ता करा."

मालनबाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मला स्वतःची लाज वाटली. मी त्याला खोट्याच्या आड लपवायला निघालो होतो, आणि तो माझ्याहून सरळ निघाला.

"म्हणजे आजवर आपला कपडेपट आंधळ्याच्या हातात होता!" श्यामसुंदर म्हणाला. "साहेब, माझा पुतण्या उद्यापासून..."

"श्यामसुंदर, तू गप बस," माणिकराव म्हणाला. "साहेब, या काशीरामच्या आधी इथे कोण होता, आठवतं? तो डोळस होता. त्याने हिरॉइनला लाल साडी नेसवली आणि हिरव्या पडद्यासमोर उभी केली. सेटवर काय झकास दिसत होती! पिक्चर धुऊन आलं तेव्हा साडी आणि पडदा एकाच रंगाची राख. नुसतं डोकं तरंगत होतं. आठ दिवसांचं काम फुकट गेलं."

"आठवतं," साहेब म्हणाले.

"बारा वर्षांत काशीरामच्या हातून असं एकदा तरी झालं? सेटवर पडदा हिरवा असला की हा लाल साडी बाजूला ठेवणार, दुसरी देणार. मला वाटायचं, कुठे शिकून आलाय कोण जाणे. आज कळलं. त्याला दोन्ही एकच दिसतात, मग तो शेजारी ठेवेल कसा?"

माणिकरावच्या गळ्यात काळ्या दोरीला एक तपकिरी काच असते. सीन लावताना ती डोळ्याला लावायची, म्हणजे रंग मरतात आणि कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच उरतं. त्याने ती काढून साहेबांच्या हातात दिली. दोन्ही टाय उजेडात धरले, एक मरून, एक हिरवा.

"बघा."

साहेबांनी काच डोळ्याला लावली. बराच वेळ ते बघत होते. टाय खालीवर करायला सांगितले, अदलाबदल करायला सांगितली, पुन्हा बघितलं.

"माझा कुठला, ते मलाच सांगता येत नाही," ते शेवटी म्हणाले.

"मी ही काच लावून जे बघतो, ते या माणसाला नुसत्या डोळ्यांनी दिसतं," माणिकराव म्हणाला. "याला काढणार असाल तर मलाही काढा. पुढचा पुतण्या मी नाही सांभाळणार."

साहेबांनी काच खाली घेतली. "काशीराम, शनिवारी मी तुला चारचौघांत चोर म्हणालो. आज त्याच चारचौघांत सांगतो, माझं चुकलं. कपडेपट तुझाच आहे." मग नंदकुमारकडे वळून म्हणाले, "आणि तू आज संध्याकाळी नाहूरला जाऊन खरं काय ते सांगायचं. टाय न घालता."

"पण साहेब, उद्या रंगीत पिक्चर काढलं तर?" श्यामसुंदरने विचारलं.

"तू आधी हे काळंपांढरं तरी पुरं कर," साहेब म्हणाले.

काशीराम अजून तसाच उभा होता. आपल्याला कामावरून काढलेलं नाही, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. बाहेर सेटवर दिवे लागत होते, हिरोची गाडी आली होती, कोणीतरी कपडे मागायला धावत आलं. तेव्हा कुठे तो हलला. सवयीने पुढे आला आणि त्याने टेबलावरचे दोन्ही टाय उचलले.

"साहेब, तुमचो तो घराक न्हेवा," तो म्हणाला. "हिरोक दुसरो देतंय. हरवलो तरी कोणाच्या जिवाक लागूचो नाय."

मग दोन्ही हात पुढे करून तो आम्हा सगळ्यांसमोर, मान वर करून, अगदी सहज म्हणाला, "ह्यातलो हिरवो खयचो, तेवढा कोणीतरी सांगा."

तिघं-चौघं एकदमच बोललो. पन्नास वर्षांच्या आयुष्यात काशीरामने चारचौघांत रंग विचारला तो त्या सकाळी पहिल्यांदा.